ऑक्सिजन ९८, हिमोग्लोबिन ६

करोनाच्या दिवसांत घराघरांत थर्मामीटरच्या शेजारी आणखी एक वस्तू येऊन बसली: बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. तेव्हापासून जरा दम लागला, चक्कर आली की आधी बोट त्या चिमट्यात जातं. त्यातून दवाखान्यांत एक नवा घोळ सुरू झाला. गरोदर बाईचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणतात, “हिमोग्लोबिन सहा आहे, अ‍ॅडमिट करायला लागेल.” सोबत आलेल्या सासूबाई चक्रावतात. “असं कसं डॉक्टर? सकाळीच मशीन लावलं होतं, अठ्ठ्याण्णव दाखवत होतं की!”

मशीन बिघडलेलं नसतं आणि लॅबनंही गडबड केलेली नसते. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला ऑक्सिजन वाहून नेणारा लाल पदार्थ. गरोदरपणात तो डेसिलिटरमागे ११ ग्रॅमच्या खाली गेला की रक्तक्षय धरतात आणि सातच्या खाली गेला की तीव्र रक्तक्षय. तरीही सहा हिमोग्लोबिन असलेल्या बाईच्या बोटावर ऑक्सिमीटर खुशाल ९८ दाखवू शकतो. हे कसं, ते कळलं की वैद्यकीय उपकरण बनवणं म्हणजे काय हे बरंचसं कळतं. इंजिनिअरिंगच्या मुलांना ते शिकवायला इतका वेळ का लागतो, तेही कळतं.

चिमट्याच्या आत

अंधारात मोबाइलचा टॉर्च बोटाखाली धरून पाहा. बोट लालभडक दिसतं. पांढऱ्या प्रकाशातले निळे-हिरवे रंग रक्तात अडतात, लाल तेवढा पलीकडे निघतो. ऑक्सिमीटर याचाच फायदा घेतो. चिमट्याच्या एका बाजूला दोन बारीक दिवे असतात. एक लाल, सुमारे ६६० नॅनोमीटरचा. दुसरा इन्फ्रारेड, सुमारे ९४० नॅनोमीटरचा, जो डोळ्यांना दिसत नाही. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. प्रकाशाचा रंग या मापात सांगतात.) समोरच्या बाजूला प्रकाश टिपणारा सेन्सर असतो. दिवे आळीपाळीनं इतक्या भराभर लागतात-विझतात की आपल्याला ते सलग लागल्यासारखे वाटतात.

ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश बऱ्यापैकी सोडून देतं आणि इन्फ्रारेड जास्त शोषतं. ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन याच्या उलट वागतं. म्हणजे दोन्ही प्रकाश किती पोचले हे मोजलं की ऑक्सिजनवालं किती आणि बिनऑक्सिजनचं किती, हे काढता यायला हवं. पण बोटात रक्ताशिवाय कातडी आहे, हाड आहे, नख आहे. शिवाय ऑक्सिजन देऊन परत निघालेलं, शिरांमधलं रक्तही आहे. ते सगळंच थोडा थोडा प्रकाश खातं. धमनीतल्या ताज्या रक्ताचा हिशेब त्यातून वेगळा कसा काढायचा?

ही गाठ ताकुओ आओयागी या जपानी इंजिनिअरनं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सोडवली. तो निहोन कोहदेन या कंपनीत होता आणि खरं तर भलतंच काम करत होता. रक्तात रंग सोडून, तो कानाच्या पाळीतून प्रकाशानं बघून, हृदय किती रक्त फेकतं ते त्याला मोजायचं होतं. नाडीच्या ठोक्यागणिक त्याचा आलेख हलायचा आणि तो वैतागून हे हलणं काढून टाकायच्या मागे लागला होता. त्या खटपटीत त्याच्या ध्यानात आलं की ठोक्यागणिक जे बदलतं, ते धमनीतलंच रक्त. बाकी सगळं जागच्या जागी असतं.

संध्याकाळी सातच्या सुमारास डोंबिवली स्टेशनचा फलाट आठवा. बाकडी, खांब, वडापावचा स्टॉल, पाट्या, पुलाखाली गप्पा मारत उभी राहिलेली मंडळी, सगळं तिथंच असतं. लोकल येते, फलाट फुगतो. दोन-तीन मिनिटांत लोक जिन्यानं वर जातात, फलाट ओसरतो. पुन्हा लोकल, पुन्हा तेच. पुलावर उभं राहून तुम्ही फक्त फुगलेल्या भागाकडे बघितलंत आणि उतरलेल्यांपैकी कितीजणांच्या पाठीला सॅक आहे याचं प्रमाण काढलंत, तर स्टॉल आणि खांब हिशेबातून आपोआप गळतात. ऑक्सिमीटर असंच करतो. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला जे हिमोग्लोबिन बोटात येतं, त्यातल्या किती टक्क्यांच्या पाठीवर ऑक्सिजन आहे, एवढंच तो सांगतो.

लोकलमधून दीड हजार माणसं उतरली काय आणि सातशे उतरली काय, शंभरात अठ्ठ्याण्णव जणांच्या पाठीला सॅक असेल तर उत्तर ९८च येणार. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर हे. सुनेच्या रक्तातली माणसंच कमी झालीत.

टक्केवारी सोपी, मोजदाद अवघड

मग त्याच चिमट्याला माणसं मोजायला का लावू नये? सुई न टोचता हिमोग्लोबिन कळलं तर किती बरं! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे गरज केवढी मोठी आहे ते उघड आहे.

अडचण अशी की प्रमाण काढताना पुष्कळ अज्ञात गोष्टी वरखाली सारख्या येऊन कटून जातात. बोट किती जाड आहे, ठोक्याला धमनी किती फुगली, प्रकाश आत किती वेडावाकडा फिरला, हे कळलं नाही तरी लाल आणि इन्फ्रारेड यांचं एकमेकांशी असलेलं नातं कळतं. पण प्रत्यक्ष मात्रा हवी असेल तर प्रकाशानं रक्तातून नेमका किती प्रवास केला हे माहीत हवं. ते बोटागणिक बदलतं, थंडी वाजली तरी बदलतं. त्यामुळे आणखी वेगवेगळ्या तरंगलांबीचे प्रकाश वापरावे लागतात, भरपूर माणसांच्या रक्ताशी पडताळून गणित बसवावं लागतं आणि तरीही आकडा किती चुकू शकतो याचा घोर राहतोच.

या अवघड वाटेला गेलेल्यांत ठाण्याची एक कंपनी आहे, बायोसेन्स टेक्नॉलॉजीज. तिच्या संस्थापकांत डॉक्टरही होते आणि इंजिनिअरही. त्यांच्यापैकी मिश्किन इंगवले यांनी २०१२ मध्ये टेड या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर त्यांचं ‘टचएचबी’ हे सुईविना हिमोग्लोबिन मोजायचं उपकरण दाखवलं. कल्पनेचं मूळ त्यांनी मुंबईबाहेरच्या पारोळ गावात सांगितलं. पारोळ वसई तालुक्यातलं. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. रक्तक्षय वेळेवर लक्षात न आल्यानं बाळंतपणात जाणारे जीव, हा तिथला प्रश्न. आणि त्यांनी हेही सांगितलं की पहिला नमुना चालला नाही आणि मग तो तीसहून अधिक वेळा नव्यानं करावा लागला.

हा आकडा ऐकून लोक चिकाटीचं कौतुक करतात. मला त्यात वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. नमुना ‘चालला नाही’ हे ठरवायला आधी चालणं म्हणजे काय ते ठरवावं लागतं. ते ठरवायला शिकवणं हाच बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या शिक्षणाचा गाभा आहे. कॉलेजांच्या प्रोजेक्ट प्रदर्शनांत मात्र तो सहसा दिसत नाही. तिथं दरवर्षी अर्डुइनो या तयार सर्किट-बोर्डवरचा हार्टबीट मॉनिटर असतो, त्यावर लाल आकडे लुकलुकत असतात आणि परीक्षक “छान छान” म्हणून पुढच्या टेबलाकडे जातात. तो आकडा खरा आहे का आणि कोणाच्या बाबतीत खरा आहे, हे कोणी विचारत नाही.

प्रश्न धड मांडायचा कसा

बायोमेडिकल इंजिनिअरिंग म्हणजे शरीरशास्त्र आणि इंजिनिअरिंग यांचा सांधा. ठाणे-कल्याण-डोंबिवलीची पोरं त्यासाठी लोकलनं वांद्र्याच्या थडोमल शहाणी, वडाळ्याच्या विद्यालंकार किंवा कामोठ्याच्या एमजीएमसारख्या कॉलेजांची वाट धरत आली आहेत. अभ्यासक्रमात अ‍ॅनाटॉमी, सेन्सर, सिग्नल प्रोसेसिंग, इमेजिंग, हॉस्पिटल मॅनेजमेंट असं सगळं असतं. मात्र उपकरण ‘डिझाइन’ करायला शिकवायचं असेल तर पहिला धडा वर्गाबाहेर द्यावा लागतो. मुलांना वॉर्डात नेऊन उभं करायचं आणि सांगायचं, हात लावू नका, उपाय सुचवू नका, फक्त बघा आणि लिहा.

समजा, त्यांनी हिमोग्लोबिनची साहली पद्धत पाहिली. कित्येक छोट्या लॅबमध्ये आणि आरोग्य केंद्रांत वर्षानुवर्षं हीच चालत आली. हेर्मान साहली या स्विस डॉक्टरच्या नावाची ही नळी. नळीत ठरलेल्या खुणेपर्यंत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं. बोट टोचून बारीक पिपेटमध्ये २० मायक्रोलिटर रक्त तोंडानं ओढून घ्यायचं, म्हणजे एक थेंबही नाही, त्याचा अर्धाच. पिपेटचं टोक बाहेरून पुसायचं, रक्त आम्लात सोडायचं, काचेच्या काडीनं ढवळायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. रक्ताचा रंग तपकिरी होतो. मग एकेक थेंब पाणी घालत, ढवळत, शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत नळी उजेडाकडे धरून बघत राहायचं. जुळला की खूण वाचायची.

नीट बघणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत यातून काय काय उतरेल? बाहेर चाळीस बायका रांगेत असतील तर दहा मिनिटांची चार होतात. ट्यूबलाइटखाली रंग वेगळा जुळतो, खिडकीपाशी वेगळा. एका परिचारिकेला साडेआठ वाटतं, दुसरीला साडेनऊ. तोंडानं रक्त ओढणं धोक्याचं. आम्लाची बाटली संपली की नवी येईपर्यंत तपासणी बंद. आणि रक्त घेतलं इथं पण तपासणी तिसरीकडे, तर रिपोर्ट येईपर्यंत बाई शहापूर-मुरबाडकडच्या पाड्यावर परत गेलेली असते.

आता उपाय. घाई झालेला विद्यार्थी लिहितो, “सुई न टोचता हिमोग्लोबिन मोजणारं उपकरण हवं.” यात उपाय आधीच शिरलाय. टोचणं ही खरी अडचण होती का? वहीतल्या नोंदी सांगतात की डोळ्यांवर भरवसा ठेवावा लागणं, वेळ न पुरणं आणि निकाल उशिरा पोचणं या मोठ्या अडचणी आहेत. म्हणून त्याला वाक्य पुन्हा लिहायला लावायचं: गरोदर बाईनं तपासणीची खोली सोडायच्या आत, परिचारिकेच्या नजरेवर अवलंबून न राहता, तीव्र रक्तक्षय आहे की नाही हे कळायला हवं. एवढंच. या वाक्यात सेन्सर नाही, मोबाइल नाही, एआय तर नाहीच नाही. पण अडचण काय, कोणाची, आणि सुटली हे कशावरून ओळखायचं, हे तिन्ही आलं. असं वाक्य लिहिण्याची शिस्त स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बायोडिझाइन कार्यक्रमामुळे जगभर पसरली आणि दिल्लीत एम्स-आयआयटीच्या मदतीनं तिची भारतीय शाखाही निघाली.

आपल्या अंगणातलं उदाहरण पवईचं. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या पुढाकारानं २०१४ च्या सुमारास बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र उभं राहिलं. राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगानं त्याला पैसा दिला, पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी इथंही त्याचे कक्ष निघाले. ‘मेडिक’ नावाच्या तिथल्या शिबिरांत डॉक्टर, इंजिनिअर आणि प्रॉडक्ट डिझायनर एका टेबलावर बसतात. डॉक्टर अडचण सांगतात, बाकीचे प्रश्न विचारून हैराण करतात आणि शिबिर संपायच्या आत काहीतरी ओबडधोबड हातात घेण्यासारखं तयार होतं. पुठ्ठ्याचं, फोमचं, थ्रीडी प्रिंटरवरचं. चालत नसलं तरी चालेल, डॉक्टरनं ते हातात धरलं की लगेच म्हणायला हवं, “अहो, माझ्या दुसऱ्या हातात कॅथेटर असतो, हे बटण मी दाबू कसं?” असं एक वाक्य पुठ्ठ्याच्या टप्प्यावर ऐकू आलं तर फुकट, साचा बनवून झाल्यावर ऐकू आलं तर लाखांत.

बेटिकच्या कामांतून निघालेला एक नमुना पुष्कळांना आठवत असेल: नेहमीच्या स्टेथोस्कोपला जोडायचं ‘आयुसिंक’ हे छोटं यंत्र. छातीतला आवाज ते मोठा करतं आणि बिनतारी पाठवतं. २०२० मध्ये पीपीई किटमध्ये गुंडाळलेल्या डॉक्टरांना कानात स्टेथोस्कोप घालणंच जमेना, तेव्हा हजारेक यंत्रं रुग्णालयांत गेली. मला त्यातली एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते. डॉक्टरच्या गळ्यातला स्टेथोस्कोप त्यांनी तसाच राहू दिला. वीस वर्षांची सवय मोडायला कोणी तयार नसतं, अशा वेळी सवयीला जोडून घ्यावं.

आकडा कधी फसवतो

विद्यार्थ्यानं ऑक्सिमीटर बनवला, स्वतःच्या बोटाला लावला, ९८ आले. टाळ्या. आता मास्तरांनी त्याला चिमटा लावलेला हात जोरजोरात हलवायला सांगावं. आकडा घसरत जाऊन ८५ च्या आसपास घुटमळायला लागतो. रक्तातला ऑक्सिजन काही कमी झालेला नसतो. हलण्यामुळे लाल आणि इन्फ्रारेड दोन्ही संकेत सारखेच हेलकावतात, त्यांचं गुणोत्तर एकाच्या जवळ जातं, आणि ऑक्सिमीटरच्या गणितात ‘एक’ या गुणोत्तराचं उत्तर साधारण ८५ असतं. यंत्राला काहीच कळत नसताना ते ठामपणे ८५ म्हणतं! इथं विद्यार्थ्याला पहिल्यांदा समजतं की आकडा दाखवण्याइतकंच, आकडा न दाखवता ‘सिग्नल नाही’ म्हणायला यंत्राला शिकवणंही त्याचंच काम आहे.

मग यादी वाढत जाते. थंडगार बोट, गडद नेलपॉलिश, खिडकीतून थेट चिमट्यावर पडणारं ऊन, रक्तदाब कोसळलेला रुग्ण. ऑक्सिमीटरचं गणित ठरवतात तेच मुळी निरोगी माणसांवर. देखरेखीखाली त्यांच्या श्वासातला ऑक्सिजन कमी करत नेतात आणि धमनीतल्या रक्ताशी आकडा ताडून पाहतात. साधारण ७० टक्क्यांच्या खाली कुणाला नेणं धोक्याचं, म्हणून त्याखालच्या आकड्यांची हमी कोणी देत नाही.

ज्यांच्यावर पडताळलं ते कोण होते, याला किती महत्त्व आहे ते करोनाच्या काळात कळलं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये एक निष्कर्ष छापला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवतोय, पण धमनीतलं रक्त तपासलं तर ८८ च्याही खाली, असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा आणि कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा घडत होतं. कातडीतलं मेलॅनिन हे गडद रंगाचं द्रव्य प्रकाश शोषतं आणि हिशेब बिघडवतं. आपल्याकडे एकाच वर्गात गव्हाळ ते काळ्याभोर रंगाची पोरं असतात. चाचणीला माणसं निवडताना हे रंग मुद्दाम मिसळायला हवेत. मित्रांच्या पाच बोटांवर चाचणी करून ‘अचूकता ९९ टक्के’ असं पोस्टरवर लिहिणाऱ्यांना तर मी पोस्टर उतरवायला लावीन.

एक गोष्ट आधीच तुटली आहे असं धरा

प्लगला लागणाऱ्या प्रत्येक उपकरणातून थोडी वीज गळते. घरात एक मिलिअँपिअरच्या आसपास गळती झाली की हाताला मुंग्या जाणवतात, एरवी कोरडी कातडी आपल्याला बऱ्यापैकी सांभाळते. पण आयसीयूतल्या रुग्णाच्या हृदयापर्यंत नळी गेलेली असेल तर मध्ये कातडीच उरत नाही. म्हणून थेट हृदयाशी जोडल्या जाणाऱ्या उपकरणांना आयईसी ६०६०१ या आंतरराष्ट्रीय मानकानं गळतीची मर्यादा १० मायक्रोअँपिअर घातली आहे, म्हणजे हाताला जाणवणाऱ्या झटक्याचा शंभरावा भाग. आणि अर्थिंगची तार तुटली तरी गळती ५० मायक्रोअँपिअरच्या वर जाता कामा नये.

या दुसऱ्या अटीत शिकवण्यासारखं पुष्कळ आहे. कुठलीतरी एक गोष्ट आधीच मोडली आहे असं समजून डिझाइन करायचं. आपल्याकडे तर हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा अडॅप्टर लावून वेळ मारून नेलेली आपण सगळ्यांनीच पाहिली आहे.

माणसाचं चुकणंही याच हिशेबात धरायचं. भूल देण्याच्या यंत्रावर ऑक्सिजनचे आणि नायट्रस ऑक्साइडचे असे सिलिंडर शेजारी शेजारी लागतात. अदलाबदल झाली तर रुग्ण टेबलावरच जाऊ शकतो. रंग वेगळे असतात, नावं लिहिलेली असतात, पण रात्री तीन वाजता दमलेल्या माणसाच्या डोळ्यांवर किती भिस्त ठेवणार? म्हणून सिलिंडरच्या तोंडाला ठरावीक जागी दोन भोकं असतात आणि यंत्राच्या दांडीवर त्याच जागी दोन पिना. ऑक्सिजनच्या जागा दोन आणि पाच, नायट्रस ऑक्साइडच्या तीन आणि पाच. चुकीचा सिलिंडर बसतच नाही. इतकं साधं, इतकं स्वस्त आणि इतकं हुशार डिझाइन विद्यार्थ्यांना पहिल्याच महिन्यात हातानं हाताळायला द्यावं.

चौकट: कायद्याच्या चार पायऱ्या
भारतात वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि १ एप्रिल २०२० पासून जवळपास सगळी उपकरणं ‘औषध’ या व्याख्येत आली. धोक्यानुसार त्यांचे चार वर्ग आहेत. ए म्हणजे सर्वांत कमी धोका: घसा बघताना जीभ दाबायची पट्टी. बी: इंजेक्शनची सुई. सी: व्हेंटिलेटर, हाडाला लावायची प्लेट. डी: हृदयाची कृत्रिम झडप. इथं तयार होणाऱ्या ए आणि बी वर्गातल्या उपकरणांचे परवाने राज्य पातळीवर मिळतात, सी आणि डीसाठी केंद्राकडे जावं लागतं.

कायद्याचा धडाही मुलांना ठाण्याच्याच गोष्टीतून देता येतो. बायोसेन्सनं पुढे ‘यूचेक’ नावाचं अ‍ॅप काढलं. लघवीच्या तपासणीची रंग बदलणारी पट्टी असते, तिचा मोबाइलनं फोटो काढायचा. अ‍ॅप रंग वाचून साखर, प्रथिनं वगैरे सांगतं. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं कंपनीला पत्र धाडलं. पट्ट्यांना मान्यता आहे ती डोळ्यांनी रंग ताडण्यासाठी. तुम्ही त्या मोबाइलकडून वाचून घेता, म्हणजे पट्टी, फोन आणि अ‍ॅप मिळून नवं उपकरण झालं, त्याची मान्यता कुठे आहे? अ‍ॅप बनवणाऱ्या कुणाला तिथून असं पत्र गेल्याची ही पहिलीच वेळ होती आणि आरोग्याच्या अ‍ॅपवाल्यांत त्यावर जगभर चर्चा झाली. इंजिनिअरला पट्टी तीच दिसते. पण वाचणारा डोळा बदलला की चुका बदलतात. बल्बचा पिवळेपणा, कॅमेऱ्याची स्वतःहून रंग दुरुस्त करायची खोड, वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन, या सगळ्यांसकट पडताळणी नव्यानं करावी लागते.

डी वर्गात तर वर्षंच्या वर्षं जातात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूनं भारतीय बनावटीची हृदयाची झडप केली. आधीची मॉडेलं बाद झाल्यावर चौथं टिकलं आणि ते ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्यांदा माणसात बसवलं गेलं. मिनिटाला ७० ठोके धरले तर झडप वर्षाला जवळपास पावणेचार कोटी वेळा उघडते-मिटते. दहा वर्षं टिकेल हे दाखवायला दहा वर्षं थांबता येत नाही. म्हणून ती भरभर उघडझाप करायला लावणारं यंत्रही बनवावं लागतं. चाचणीचं यंत्र बनवणं हा उपकरणाइतकाच मोठा प्रोजेक्ट होऊ शकतो, हे आपल्या प्रोजेक्ट गाइडांनी मनावर घ्यायला हरकत नाही.

उपकरण विकलं गेल्यावर

केंद्र सरकारनं २०१५ मध्ये सरकारी रुग्णालयांतल्या उपकरणांच्या देखभालीची योजना सुरू करताना देशभर मोजणी केली. साडेसात लाखांहून अधिक उपकरणं नोंदली गेली आणि राज्यागणिक त्यांतली १३ ते ३४ टक्के बंद पडलेली निघाली. कुठे सुटा भाग मिळत नाही, कुठे देखभालीचं वार्षिक कंत्राट (एएमसी) संपलेलं, कुठे वापरायचं कसं हे सांगणारा माणूस बदलून गेला.

म्हणून डिझाइन शिकणाऱ्या मुलांनी किमान एक उन्हाळा रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागात स्क्रू ड्रायव्हर घेऊन काढावा असं मला वाटतं. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, ही आपल्या घराजवळची गजबजलेली रुग्णालयं. अशा ठिकाणी एखादा मुरलेला टेक्निशियन तासाभरात जे दाखवतो ते पुस्तकात सापडत नाही. वॉर्डातल्या ऑक्सिमीटरचं आधी काय जातं, हे त्याला विचारा. सर्किट क्वचितच जातं. जाते ती प्रोबची, म्हणजे बोटाला लावायच्या चिमट्याची केबल, आणि तीही बहुतेक वेळा प्लगच्या मुळाशी. दिवसातून कितीतरी वेळा कोणीतरी ती ओढतं, ट्रॉलीच्या चाकाखाली सापडते, गुंडाळून खुंटीला टांगली जाते. आत तार तुटते, बाहेरून काही दिसत नाही, आणि आकडा मध्येच येतो मध्येच जातो.

उपाय आहे तो एवढासाच: केबलच्या मुळाशी खाचा असलेली रबराची बाही, म्हणजे वाक एका जागी न येता दोन-तीन इंचांत विभागला जातो. बाहीची लांबी किती, रबर किती नरम, स्पिरिटनं रोज पुसल्यावर ते कडक होतं का, प्रोब वेगळा बदलता येतो का, की अख्खं यंत्र कंपनीला पाठवावं लागतं? मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात तो बदलला तर किती रुपयांना पडेल आणि नवा यायला किती दिवस लागतील? शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मी सर्किटच्या आकृतीआधी हे प्रश्न विचारीन, आणि टेबलावर ठेवलेली केबल उचलून ती किती हजार वेळा वाकवून पाहिलीत, त्याची नोंदवही मागीन.